शुक्रवारचा घाणा



आपल्या पत्रिकेत नवगाव, अलिबाग, पेण, भायखळा ह्या जागांच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. आम्ही दोघे भाऊ मुंबईत जन्मलो खरे, पण वाढलो लंडनला. त्यामुळे आमच्या आठवणीतली गावं वेगळी, आणि आमचं वेडही वेगळं. ते वेड म्हणजे स्पीडवे, आणि त्याच्या जोडीला स्टॉक कार. इथे इस्रायलमध्ये कुणाला सांगायला गेलो तर लोक विचारतात, "म्हणजे फॉर्म्युला वन का?" नाही हो. फॉर्म्युला वन श्रीमंतांचा खेळ. आमचा खेळ बस कंडक्टर, गोदी कामगार आणि शेजारच्या म्हाताऱ्या बायांचा.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही लंडनला आठ दिवस जाऊन आलो. मुख्य काम पपांच्या कबरीवर जाण्याचं. ते सोमवारी झालं, कबरीवर दगड ठेवला, कद्दीश म्हटला. उरलेले दिवस काय करायचं? धाकटा म्हणाला, "चल, आपले ट्रॅक बघून येऊ." त्या यात्रेची ही हकीकत. पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

पपा मुंबईला रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. १९६१ साली ते आम्हाला घेऊन लंडनला आले आणि एका बस गॅरेजात कामाला लागले. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सात. पूर्व लंडनमध्ये हॅकनीच्या होमर्टन भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. १९६३ च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी आईने दिवे लावले होते, मनुकांच्या सरबतावर किद्दूश झाला होता, हमोसी झाली होती, आणि खोबऱ्याच्या रश्श्यातला मासा ताटात पडला होता. तेवढ्यात खिडकीतून एक आवाज आला. लांबून, पण एकसारखा, चढत जाणारा, मधेच फाटणारा. आईला वाटलं विमान. पपा म्हणाले, "विमान नाही. मोटरसायकली आहेत. चार. आणि सायलेन्सर नाहीत." एक मिनिट आणि वर थोडे सेकंद आवाज चालला, मग थांबला, आणि माणसांचा ओरडा ऐकू आला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

आमच्या घरापासून पूर्वेला, कालव्यापलीकडे वॉटर्डन रोडवर हॅकनी विक स्टेडियम होतं. त्याच वर्षी तिथे हॅकनी हॉक्स नावाचा स्पीडवे संघ सुरू झाला होता. त्यांच्या रेसचा वार शुक्रवार, वेळ संध्याकाळची. आमच्या नशिबाला आलेला संघ शुक्रवारी रात्रीच धावणार! पपांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शब्बाथ तो शब्बाथ. ऐकायला बंदी नाही. जायला बंदी."

मग आम्ही ऐकायला शिकलो. त्या वेळी लीगच्या सामन्यात तेरा रेसेस असत, प्रत्येक रेसला हीट म्हणतात. शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून आम्ही ताटाशेजारी तेरा शेंगा मांडत असू. एक हीट झाली की एक शेंग फोडून खायची. ओरडा मोठा झाला तर हॉक्स जिंकले, टरफल उजवीकडे. ओरडा बारीक तर पाहुणे जिंकले, टरफल डावीकडे. शेजारी एक इंग्रज म्हातारी बाई राहत होती, ती दर शुक्रवारी मफलर गुंडाळून जायची. शनिवारी सकाळी ती पेनाने भरलेला प्रोग्राम आमच्या दारातून आत सरकवायची. पपांच्या हुकुमाने तो हवदाला होईपर्यंत फळीवर राहायचा. हवदाला झाला की झडप! आमची टरफलं आणि तिचे आकडे जुळले की आम्हाला कोण आनंद व्हायचा.

आता खेळ कसा ते थोडक्यात. लंबगोल ट्रॅक, त्यावर बारीक लाल मातीखडीचा थर. चार रायडर, दोन घरचे, दोन पाहुणे. डाव्या हाताला वळत चार फेऱ्या. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. गाडी ५०० सीसीची, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीत. हो, ब्रेक नाहीतच! वळणावर रायडर डाव्या पायाचा लोखंडी तळ मातीत टेकवतो, मागचं चाक मुद्दाम घसरवतो, पुढचं चाक उलट्या बाजूला वळवतो आणि गाडी आडवी करून वळण काढतो. सारी कमाल उजव्या मनगटाची. पेट्रोल नाही, मिथेनॉल जळतं. ब्रिटनमध्ये पहिली मोठी रेस १९ फेब्रुवारी १९२८ ला एपिंग फॉरेस्टमधल्या हाय बीचला, एका पबच्या मागच्या जागेत झाली असं मानतात. हजारो माणसं लोटली होती.

आता यात्रा. मंगळवारी आम्ही कस्टम हाऊसला गेलो. मंगळवार हा वेस्ट हॅमच्या रेसचा वार होता, म्हणून मुद्दाम. २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने थेट स्टेशनापर्यंत जाता आलं. पूर्वी दोन बस बदलून पपा आम्हाला न्यायचे. हॅकनीला जाता येत नाही ना, मग मुलांचं मन कशाला मोडायचं, म्हणून १९६५ साली त्यांनीच हा तोडगा काढला. ते वर्ष ब्रिटिश लीगचं पहिलं, आणि वेस्ट हॅम हॅमर्सनी ती लीग जिंकली. केन मॅकिनली हा स्कॉटिश कॅप्टन, आणि नॉर्वेचा स्वेरे हारफेल्ट, जो पुढच्या वर्षी जागतिक फायनलमध्ये दुसरा आला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही वळणावर कठड्याला टेकून उभे राहिलो. टेप वर उडाली, चौघे सुटले, आणि वळणावरून लाल माती आमच्या तोंडावर सपकन आली. मागोमाग निळसर धूर. पपांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं आणि मराठीत मोठ्याने म्हणाले, "अरे, हे तर एरंडेल!"

खरंच एरंडेल होतं. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनाला साधं खनिज तेल नीट मानवत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेलं कॅस्ट्रॉल आर वापरायचे. लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तेच हे तेल, फक्त जळलेलं. तो वास एकदा घेतला की माणूस आयुष्यभर विसरत नाही, असं ब्रिटनमधला प्रत्येक स्पीडवेवाला सांगतो. पपांना तो वास वेगळ्याच कारणाने भिडला. आपण शनवार तेली. आमच्या पणजोबांचा अलिबागकडे घाणा होता. पपा मातीने लाल झालेलं तोंड पुसत म्हणाले, "बघा रे, तेल आहे, गोल फिरणं आहे. बैलाच्या जागी गोरा बसवलाय एवढंच." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात स्पीडवेचं नाव घाणा पडलं. "आज घाण्याला जायचं का?" असं आम्ही विचारायचो. इंजिनात त्यांचा जीव तर होताच. तेव्हाची पुष्कळ इंजिनं जे.ए.पी. कंपनीची, आणि ती कंपनी टॉटनमची, म्हणजे आमच्या घरापासून बसने जाण्याइतकी जवळ. पपांना ह्या गोष्टीचा इतका अभिमान, जणू कारखाना त्यांचाच!

वेस्ट हॅमने दुःखही दाखवलं. १४ जुलै १९७० ला बेल्जियममध्ये लोकेरनजवळ रायडरांच्या मिनीबसला अपघात झाला. चार रायडर आणि मॅनेजर फिल बिशप गेले. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, स्टेडियमच बंद झालं आणि जागेवर घरं उभी राहिली.

ती घरं आम्ही आता बघितली. साधी विटांची घरं, छोट्या बागा, दारात कचऱ्याचे डबे. पण रस्त्यांच्या पाट्या वाचा! ॲटकिन्सन रोड, क्रूम्ब्स रोड, विल्किन्सन रोड, यंग रोड, हॉस्किन्स क्लोज. सगळी वेस्ट हॅमच्या स्पीडवेची माणसं. ब्लूई विल्किन्सन १९३८ चा विश्वविजेता. जॅक यंग १९५१ आणि १९५२ चा. जॉनी हॉस्किन्सने १९२३ साली ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडला ह्या खेळाची मुहूर्तमेढ रोवली असं म्हणतात, आणि तो वेस्ट हॅमचा प्रमोटर होता. एक बाई दारात उभी होती, तिला विचारलं, हा यंग कोण? म्हणाली, "असेल कुणी नगरसेवक." आम्ही तिला सगळं सांगितलं. तिने चहा विचारला. आम्ही तिच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायलो. हिशेबाने पाहिलं तर त्या जागी तिसरं वळण असावं.

बुधवारी विम्बल्डन, प्लाउ लेन. टेनिसचं विम्बल्डन निराळं, हे लक्षात घ्यावं. वेस्ट हॅम बंद पडल्यावर आम्ही कमावते झालो होतो, तेव्हा गुरुवारी लंडन ओलांडून इथे यायचो. विम्बल्डनचा स्पीडवे १९२८ पासूनचा. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चहून आलेले रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज इथे मोठे झाले. मूर १९५४ आणि १९५९ चा विश्वविजेता, ब्रिग्ज तर चार वेळा. स्टॉक कारही इथे धावायच्या, आणि हॅरिंगेलाही साठ-सत्तरच्या दशकांत आम्ही त्या बघितल्या.

स्टॉक कारचा प्रकार असा. लोखंडी बंपर बांधलेल्या गाड्या, आणि पुढच्याला धक्का देऊन बाजूला सारणं हे नियमातच बसतं. छपराच्या रंगावरून ड्रायव्हरचा दर्जा कळतो: पांढरा नवखा, मग पिवळा, निळा, आणि लाल म्हणजे पट्टीचा. विश्वविजेत्याचं छप्पर सोनेरी. गंमत म्हणजे नवखे पुढे उभे करतात आणि पट्टीचे सगळ्यांत मागे. त्याने सगळ्यांना ठोकत ठोकत पुढे यायचं. ब्रिटनमध्ये ह्या रेसेस १९५४ साली न्यू क्रॉसला सुरू झाल्या. एकदा आईला हॅरिंगेला नेलं. चार गाड्या एकात एक अडकल्या, एक उलटली, ड्रायव्हर बाहेर येऊन हात हलवू लागला. आई शांतपणे म्हणाली, "ह्याला तिकीट कशाला? भायखळ्याच्या नाक्यावर रोज फुकट बघत होतो." पण परत येताना तिनेच विचारलं, तो निळ्या छपराचा शेवटी कितवा आला?

प्लाउ लेनचा स्पीडवे १९९१ मध्ये थांबला, २००२ मध्ये परत आला, २००५ मध्ये पुन्हा गेला. त्यानंतर लंडन शहरात स्पीडवेचा एकही संघ उरला नाही. मार्च २०१७ मध्ये कुत्र्यांच्या शर्यती संपल्या आणि लगेच दुसऱ्या दिवशी स्टॉक कारची शेवटची सभा झाली. आता तिथे फुटबॉलचं नवं स्टेडियम आहे, २०२० मध्ये उघडलेलं, आणि भोवती उंच फ्लॅट. असं का झालं? स्पीडवे बहुतेक ठिकाणी भाडेकरू होता. मालकी कुत्र्यांच्या शर्यतीवाल्यांची. १९६१ पासून इंग्लंडात पैजेची दुकानं कायदेशीर झाली, पैज लावायला स्टेडियमवर जायची गरज उरली नाही, गर्दी ओसरली. आणि जमिनीचा भाव मात्र चढत गेला. घाण्यापेक्षा घाण्याखालच्या जमिनीला किंमत आली की काय होतं, ते आपल्याला अलिबागकडे पाहून ठाऊक आहेच.

गुरुवारी मात्र आम्ही जिवंत घाणा बघितला. लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडीने सव्वा तासाच्या आसपास इप्सविच, तिथून फॉक्सहॉल स्टेडियम. इथे बाहेरच्या बाजूला स्टॉक कारचा डांबरी ट्रॅक आणि त्याच्या आत स्पीडवेचा मातीचा ट्रॅक, थाळीत वाटी ठेवावी तसा. इप्सविच विचेसनी १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली होती, आणि आम्ही तेव्हा त्यांना प्लाउ लेनवर शिव्या घातल्या होत्या. आता त्यांच्याच बाजूने ओरडलो. हीट पंधरा झाल्या आहेत, वळणावर हवा भरलेल्या गाद्यांचं कुंपण आहे, गाड्यांना सायलेन्सर आहेत. गर्दी पूर्वीची नाही, आणि पुष्कळसे आमच्याच वयाचे, मांडीवर घोंगडी, हातात पेन. पण टेप उडाली आणि पहिल्या वळणावरून माती आली, तेव्हा धाकट्याने चष्मा पुसलाच नाही. थोरल्याने विचारलं, "काय रे, माती गेली का डोळ्यात?" तो म्हणाला, "हो, मातीच."

आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बैठकीवर बसून पेनाने प्रोग्राम भरला आणि खिशातल्या शेंगाही खाल्ल्या. पंधरा.

शुक्रवारी दुपारी हॅकनी विक. ही जागा आम्ही शेवटी ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर जायला जरा घाबरत होतो. कारण ह्या स्टेडियमच्या आत आम्ही कधी पाऊलच टाकलेलं नाही.

एकदा मात्र दारापर्यंत गेलो होतो. १९६७ चा उन्हाळा, धाकट्याची बार मित्सवा नुकतीच झालेली. जूनमध्ये लंडनला नऊ वाजेपर्यंत ऊन असतं, पण पपा शब्बाथ लवकर धरत. त्या शुक्रवारी जेवण झालं, आणि पपा टोपी घालून म्हणाले, "चला, पाय मोकळे करू." आम्ही निघालो. कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा कळलं कुठे चाललोय. कुणी बोललं नाही. स्टेडियमच्या भिंतीशी आम्ही तिघे उभे राहिलो. भिंतीपलीकडून आवाज, वरून लाल धूळ, आणि एरंडेलाचा वास. पपा डोळे मिटून ऐकत होते. "आतल्या बाजूचा पुढे आहे. दुसऱ्याचं इंजिन तापलंय, ऐका." त्या वर्षी हॉक्सकडे बेंग्ट यान्सन हा स्वीडिश रायडर होता. पुढे सप्टेंबरात वेम्ब्लीला जागतिक फायनलमध्ये तो उवे फुंडिनशी बरोबरीत आला आणि जादा रेसमध्ये हरला. तो त्या रात्री आमच्यापासून पन्नास फुटांवर धावत होता, आणि आम्हाला दिसत होती फक्त वीट.

शेवटच्या दोन हीट राहिल्या, तेव्हा दारावरच्या माणसाने आम्हाला पाहिलं. भला माणूस. म्हणाला, आता तिकीट नको, या आत मुलांना घेऊन. पैसे द्यायचे नाहीत, गाडीत बसायचं नाही, लिहायचं नाही. आम्ही पपांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पपांनी त्याला टोपी काढून थँक यू म्हटलं आणि मान हलवली. परतीच्या वाटेवर थोरला रागाने रडत होता. "का नाही? काय मोडलं असतं?" पपा बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "शनवारी आपला घाणा बंद. दुसऱ्याचा चालू आहे म्हणून आपण आत जाऊन तेल चाखायचं नसतं, रे." आणि थोडं थांबून, "मलाही जायचं होतं."

पुढे आम्ही मोठे झालो. आडवायला कुणी नव्हतं. तरीही हॅकनीला गेलो नाही, दर शुक्रवारी आईकडे जेवायला जात राहिलो आणि ऐकत राहिलो. ८ जून १९७९ च्या शुक्रवारीही असेच बसलो होतो. ईस्टबोर्नशी सामना होता. ऐकताना वावगं काही कळलं नाही. शनिवारी हवदाला झाल्यावर कळलं की हॅकनीचा विक हार्डिंग त्या रात्री पडून गेला, आणि ईस्टबोर्नचा स्टीव्ह वेदर्ली कायमचा अपंग झाला. टरफलं अजून टेबलावरच होती. आईने ती गोळा केली आणि काही न बोलता टाकून दिली. त्यानंतर पुष्कळ शुक्रवार आम्ही शेंगा मांडल्या नाहीत. ज्या आवाजावर आम्ही खेळ मांडला होता, त्या आवाजात एक माणूस होता, हे आम्हाला इतक्या वर्षांत तेव्हा कळलं.

पपा १९८२ साली वारले. हॉक्स १९८३ नंतर हॅकनीत राहिले नाहीत. १९८४ मध्ये आईला घेऊन आम्ही अलियाह केली. स्टेडियमने त्यानंतर इतर संघ बघितले, १९९६ चा एकच मोसम लंडन लायन्स, आणि मग पडझड. त्या जागेवर २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी पत्रकार आणि टीव्हीवाल्यांची प्रचंड इमारत उठली. आता तिचं नाव हिअर ईस्ट, आत कचेऱ्या आणि कॉलेजं.

आम्ही त्या काचेच्या इमारतीसमोर उभे राहिलो. तरुण मुलं सायकलवरून जात होती, कालव्याच्या काठी लोक कॉफी पीत होते. भिंत नाही, दार नाही, कुणी अडवणारा नाही. आम्ही सरळ चालत गेलो, जिथे ट्रॅक असावा असं वाटलं तिथे थांबलो, आणि डाव्या हाताला वळत एक फेरी मारली. दोन म्हातारे, एकाच्या गुडघ्यात वाटी बदललेली. चार फेऱ्या झेपल्या नसत्या. घड्याळात बघितलं, शब्बाथला अजून वेळ होता. म्हणजे पपांचा हुकूमही मोडला नाही.

मग जिथे उतरलो होतो तिथे परतलो, दिवे लावले, किद्दूश केला. खिडकी उघडी ठेवली होती. पूर्वेचं वारं होतं. रस्त्यावरच्या बसशिवाय काही ऐकू आलं नाही. धाकट्याने खिशातून शेंगा काढल्या. त्या रात्री आम्ही मोजल्या नाहीत, नुसत्या खाल्ल्या.

आपणा सर्वांना शब्बाथ शालोम.